मी काही तज्ज्ञ नाही

बाबांनी घर घेतलं ते अमेरिकेतल्या नोव्हाय शहराच्या पश्चिमेला अर्ध्या तासावर, मक्याची शेतं आणि नव्या घरांच्या कॉलन्या एकमेकांत घुसल्या होत्या अशा जागी. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. त्या गावाचं नाव इथे मुद्दाम घालत नाही, कारण या गोष्टीतली बरीच माणसं अजून तिथेच राहतात. नागपूरहून आल्यावर दोन वर्षं आम्ही नोव्हायच्या अपार्टमेंटमध्ये काढली होती आणि आईला कधी एकदा स्वतःचं अंगण मिळतंय असं झालं होतं. अंगण मिळालं, पण पाणी बोअरचं. नळ सोडला की आधी हवा खोकायची, मग पाणी यायचं आणि त्याला लोखंडाचा वास असायचा. तळघरात साठलेलं पाणी उपसायचा एक पंप होता. पावसाळी दिवसांत तो दर थोड्या वेळाने धडधडत सुरू व्हायचा आणि जेवणाच्या टेबलावरची ताटं हलकेच थरथरायची. आईने फोडणी दिली की जिन्यातला स्मोक अलार्म किंचाळायचा. म्हणून ती कढईत मोहरी टाकण्याआधी हाक मारायची आणि बाबा टॉवेल घेऊन अलार्मखाली उभे राहून वारा घालायचे. आमच्याकडे साध्या वरणालासुद्धा दोन माणसं लागायची.

राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर एक उंच, पाठीत थोडा वाकलेला म्हातारा उभा होता. हातात दोन रिकाम्या बाटल्या. त्याने नाव सांगितलं, वॉल्टर, पलीकडच्या घरात राहतो म्हणाला, आणि लगेच विचारलं की तुम्ही नळाचं पाणी प्यायलात का. आम्ही प्यायलो होतो. दोन दिवस प्यायल्याने काही होत नाही, पण तपासणी होईपर्यंत आता पिऊ नका, असं सांगून त्याने बाटल्या भरून घेतल्या. तीस वर्षं त्याने जवळच्या एका छोट्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं होतं. त्या भागाखाली वाळूच्या दगडाचा एक थर आहे, त्यात मुळातच आर्सेनिक असतं, काही बोअर त्या थरापर्यंत जातात आणि काही जात नाहीत, हे त्याने आमच्या सामानाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चित्र काढून समजावलं. बाबा धातुशास्त्रातले डॉक्टर. गाडीच्या सुट्या भागांच्या कंपनीत ते दिवसभर भेगा का पडतात ते बघायचे. त्यांनी पुठ्ठा उलटा करून आपलीही दोन चित्रं काढली. आईने पोहे केले. ते दोघं पुठ्ठ्यावर ओणवे झाले होते आणि पोहे गार होत होते. अमेरिकेत आल्यापासून बाबांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं. तो पुठ्ठा त्यांनी पुढे कितीतरी दिवस फेकू दिला नाही.

आमच्या पाण्यात आर्सेनिक निघालंच. वॉल्टरने स्वतः येऊन सिंकखाली फिल्टर बसवून दिला. त्याची बायको वारलेली होती, मूलबाळ नव्हतं. दर गुरुवारी तो आमच्याकडे जेवायला येऊ लागला. आईने पहिल्याच महिन्यात मला बजावलं की त्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची नाही, म्हणून तो आमचा वॉल्टरकाका झाला. झुणका तो चमच्याने खायचा आणि कोथिंबिरीची सांबारवडी हाताने. जेवताना बोलायचा विषय ठरलेला नसे. एखाद्या गुरुवारी हिमयुग, एखाद्या गुरुवारी कबूतर परत घरी कसं येतं. माहीत नसेल तेव्हा सरळ ‘माहीत नाही’ म्हणायचा आणि पुढच्या गुरुवारी शोधून यायचा. आई तोवर गावच्या लायब्ररीत कामाला लागली होती. बंद पडलेल्या बँकेच्या इमारतीतल्या दोन खोल्या, चार बायका. तो शोधायचा ते तिच्याच लायब्ररीत.

मी अकरावी संपवून बारावीत गेले त्या साली राष्ट्राध्यक्षांची निवडणूक होती. त्याच मतपत्रिकेवर आमच्या टाउनशिपचा, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामपंचायतीसारख्या कारभाराचा, प्रमुख निवडायचा होता आणि लायब्ररीसाठीचा घरपट्टीतला वाटा पुढे चालू ठेवायचा की नाही हेही ठरायचं होतं. टायरच्या दुकानाचा मालक रँडी प्रमुखपदासाठी उभा होता आणि लायब्ररीच्या विरोधात बोलत होता. माणूस दिलदार होता, हे मी आजही म्हणेन. बर्फात अडकलेल्या कितीतरी लोकांच्या गाड्या त्याने स्वतः ओढून काढलेल्या. शर्टावर नाव शिवलेलं, नखांत काळं वंगण. पुस्तक वाचून कोणाचा टायर बदलला गेलेला आपण अजून पाहिला नाही, असं तो म्हणायचा आणि लोक खूश व्हायचे. त्याच्याविरुद्ध कोणी उभं राहायला तयार नव्हतं. शेवटी एका गुरुवारी वरणभातावर तूप घेता घेता वॉल्टरकाका म्हणाला की आपण उभं राहायचं ठरवलंय. आईने वाढायचा चमचा तसाच धरून ठेवला. बाबा उठून त्याचे दोन्ही हात हातात घेऊन उभे राहिले. आमच्यापैकी कोणालाच मत नव्हतं. आई-बाबा नागरिक नव्हते आणि मी सतराची. पण बाबांनी दुसऱ्या दिवशी अंगणात पाटी लावली.

बाबांचा एक भाबडा विश्वास होता. नागपूरच्या शाळामास्तराचा मुलगा शिकून इथवर आला, म्हणजे हा देश शिकलेल्यांचा, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. त्या शरद ऋतूत टीव्हीवर रोज लोकांना विचारत होते की दोघांपैकी कोणाबरोबर बसून बिअर प्यायला आवडेल. बाबा टीव्हीलाच उत्तर द्यायचे, ‘अरे बाप्पा, त्याला देश चालवायचाय, गुत्ता नाही.’ एक उमेदवार फ्रेंच बोलतो म्हणून त्याची टिंगल चालली होती. परकी भाषा येणं हा आरोप कसा होतो, हे त्यांनी मला खरोखरच विचारलं. मला उत्तर माहीत होतं. शाळेत मी वर्गात हात वर करणं कधीच सोडलं होतं. प्रश्नाचं उत्तर येत असूनही आजूबाजूला बघून हसायचं आणि खांदे उडवायचे, ही कला मी दहावीतच शिकले होते. पण बापाला हे कसं सांगायचं.

प्रचारात वॉल्टरकाकाला मदत करायला पक्षाच्या ऑफिसातून एक बाई दोनदा येऊन गेली. बाकी सगळं मीच. शाळेच्या डिबेट टीममध्ये होते, म्हणून मला बोलणं कळतं असं तो समजायचा. शनिवारी आम्ही दारोदार जायचो. पहिल्या काही घरांतच माझ्या लक्षात आलं की तो बोलू लागला की लोकांचे डोळे त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे जातात. एका अंगणात पानं गोळा करणाऱ्या माणसाने दाताळ्यावर रेलून त्याला विचारलं, ‘तूच तो प्रोफेसर ना?’ त्यात शिवी नव्हती, पण शिवीसारखंच वाटलं. परत येताना मी वॉल्टरकाकाला सांगितलं की पाटीवरचं ‘डॉक्टर’ काढूया. तो म्हणाला ठीक. मग पत्रकावरचा फोटो. तो त्याच्या पुस्तकांच्या कपाटासमोर काढलेला होता. मी शेजारच्या माणसाचा पिकअप ट्रक मागून आणला आणि त्याला टेकून वॉल्टरकाकाला उभं केलं. तो ट्रक कसा चालवतात हेही त्याला माहीत नव्हतं. आईने ते पत्रक हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाली, ‘हा माणूस कोण आहे?’

पुढे हेच माझं काम झालं. गेली कित्येक वर्षं मी उमेदवारांची भाषणं लिहिते. खरं सांगायचं तर भाषणं कापते. तीन अक्षरांपेक्षा लांब शब्द, ‘पण’ने सुरू होणारं वाक्य, ज्यातून माणसाने कधी काही वाचलंय असा वास येईल ते सगळं. मी त्यात चांगली आहे. हे प्रकरण मराठीत लिहायचं कारणही तेच. इंग्रजी लिहायला बसले की माझी बोटं आपोआप कापायला लागतात.

ऑक्टोबरच्या शेवटी फायर स्टेशनच्या हॉलमध्ये दोघा उमेदवारांची सभा ठरली. आदल्या आठवडाभर मी वॉल्टरकाकाची तयारी करून घेतली. आमच्याच जेवणाच्या टेबलाशी. मी प्रश्न विचारायची, तो उत्तर द्यायचा, मी हातातलं घड्याळ दाखवायची. त्याची उत्तरं लांबायची, कारण खरी उत्तरं लांबच असतात. शेवटी वैतागून मी त्याला एक वाक्य लिहून दिलं. दोन वाक्यांत उत्तर बसणार नसेल तर म्हणायचं, मी काही तज्ज्ञ नाही, माझा विश्वास इथल्या लोकांच्या शहाणपणावर आहे. त्याने कागद वाचला, चष्मा काढला आणि मला विचारलं की आपल्याला उत्तर येत असेल तरीही का. मी म्हटलं, ‘काका, येत असेल तेव्हाच. नाहीतर आपण हरू.’ त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. बाबा शेजारच्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं की नाही ते मी कधी विचारलं नाही.

हॉल भरला होता. आई-बाबा मागे, मी पहिल्या रांगेत. कॉफीचा वास, घडीच्या लोखंडी खुर्च्यांचा करकराट. वॉल्टरकाका तिथले शेतकरी घालतात तशा नव्या फ्लॅनेल शर्टात होता, तोही माझ्याच सांगण्यावरून, आणि त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. रस्ते झाले, कचरा झाला, लायब्ररी झाली. सगळीकडे तो छोटं बोलला आणि लोक मान हलवू लागले. मी मनातल्या मनात मोजत होते, जमतंय, जमतंय. मग कडेवर लहान मूल घेतलेली एक तरुण बाई उभी राहिली. तिचं नाव डेनिस हे मला नंतर कळलं. ती म्हणाली की तिचा बोअर नवा आणि खोल आहे, पाण्याबद्दल काहीबाही ऐकू येतं, आणि ती त्याच पाण्यात बाळाचं दूध कालवते. ते पाणी चालेल का, एवढंच तिला हवं होतं.

त्या हॉलमध्ये, किंबहुना त्या जिल्ह्यात, या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत चांगलं देऊ शकणारा माणूस त्या स्टेजवर बसलेला होता. आमच्या दारात दोन बाटल्या घेऊन आला होता तो हाच. त्याने तोंड उघडलं. मी बघितलं, त्याचा हात हवेत उचलला गेला, थर दाखवायला उचलतात तसा. मग त्याची नजर माझ्याकडे आली. आणि मी, सतरा वर्षांची, पहिल्या रांगेत बसलेली, मी माझ्या मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं.

तो म्हणाला, ‘मी काही तज्ज्ञ नाही. माझा विश्वास इथल्या लोकांच्या शहाणपणावर आहे.’

रँडीने माइक ओढून घेतला. जन्मापासून आपण आपल्या बोअरचं पाणी पितोय आणि बघा किती देखणे झालोय, असं म्हणाला. हॉल हसला, टाळ्या पडल्या. डेनिससुद्धा हसली आणि बाळाला दुसऱ्या कडेवर घेऊन खाली बसली. मी मागे वळून पाहिलं तर बाबा उभे होते. आईने त्यांचा कोट ओढून त्यांना बसवायचा प्रयत्न केला, पण ते बसले नाहीत. एका परक्या देशाच्या फायर स्टेशनमध्ये, मत नसलेला माणूस, नुसता उभा राहिला आणि मग दारातून बाहेर गेला. घरी जाताना गाडीत ते एकदाच बोलले. ‘ज्याला येत नाही त्याने येतं म्हणणं मी आयुष्यभर पाहिलंय,’ ते म्हणाले. ‘येत असून येत नाही म्हणणारा आज पाहिला.’ ते वाक्य माझं होतं हे सांगायला ती गाडी बरी जागा होती. मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉल्टरकाका रिकाम्या बाटल्या घेऊन डेनिसच्या घरी गेला. मीही बरोबर होते, त्यानेच बोलावलं. त्याने तिला थर सांगितला, खोल बोअरचा धोका सांगितला, फुकट तपासून देतो म्हणाला. दार अर्धंच उघडं ठेवून ती ऐकत होती. मग तिने शांतपणे विचारलं, ‘काल तर म्हणालात की तुम्हाला माहीत नाही. आज मतासाठी माहीत झालं का?’ तो म्हणाला की काल आपण चुकलो, आपल्याला माहीत होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, ज्या माणसाला दारातून कसं घालवावं कळत नाही त्याच्याकडे पाहतात तसं. ‘मग आता कुठलं खरं मानू?’ असं म्हणून तिने दार लावलं. दोन्ही बाटल्या तशाच रिकाम्या परत आल्या. त्या बाळाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. बहुधा काहीच झालं नसेल. असलं विष वर्षानुवर्षं पाणी पिऊन दिसतं. तेवढ्या काळात माणसं गाव बदलतात.

तो हरला. थोडक्यात हरला असता तर मला बरं वाटलं असतं. लायब्ररीही हरली. उन्हाळ्यापर्यंत चालवून मग बंद करायची ठरली. वॉल्टरकाका त्यानंतर एकाच गुरुवारी आला. बाबा त्याच्याशी नीट वागले, वाढलं, हवापाण्याचं बोलले, पण काही विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय त्या माणसाला बोलता येत नसे. तो आईला छान झालंय म्हणाला, लवकर उठला. मार्चमध्ये घर विकून तो बहिणीकडे मिनेसोटाला गेला. जाताना माझ्यावर तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर कदाचित पुढचं मी केलं नसतं.

पुढचं म्हणजे असं. वॉल्टरकाका गेल्यावर महिन्याभराने रँडीने मला शाळेत निरोप पाठवला. मी दुकानात गेले. त्याने मला मागच्या ऑफिसात नेलं आणि दार लावलं. दार उघडं असताना झाकली जाईल अशा भिंतीवर एक डिग्री फ्रेम करून लावलेली होती, पूर्वेकडच्या एका बड्या युनिव्हर्सिटीची, अर्थशास्त्रातली. खाली दोन फळ्या भरून पुस्तकं, वाचून वाकलेली. कोपऱ्यात विकतच्या पाण्याची मोठी बाटली उलटी लावलेली होती. त्यातलंच पाणी त्याने मला कागदी ग्लासात दिलं. मी त्या बाटलीकडे पाहतेय हे त्याने पाहिलं आणि त्याला काही वाटलं नाही.

‘ते तज्ज्ञाचं वाक्य तुझं ना?’ त्याने विचारलं.

मी हो म्हटलं. आई-बापांना न सांगितलेली गोष्ट मी त्याला सांगितली.

‘वाक्य चांगलं होतं. माणूस चुकीचा निवडलास. त्याला ते बोलताना लाज वाटत होती.’ मग तो म्हणाला की त्याला लिहायला कोणीतरी हवंय, शाळा सुटल्यावर येत जा. तो माझ्याशी शर्टावर नाव शिवलेल्या माणसासारखा बोलत नव्हता. पूर्ण वाक्यं, मोठे शब्द, त्याने वाचलेल्या पुस्तकांतले दाखले. त्या गावात आल्यापासून वॉल्टरकाका सोडला तर माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. हे मी स्वतःला समजावण्यासाठी लिहीत नाही. जिंकणाऱ्याकडे जावंसं वाटलं, हेही तितकंच खरं आहे. घरी मी सांगितलं की टायरच्या दुकानात फोन घ्यायचं काम मिळालंय. बाबांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही.

जूनमध्ये लायब्ररीचा निरोपाचा कार्यक्रम झाला. बँकेच्या त्या जुन्या इमारतीसमोर हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या. फळ्या आतून रिकाम्या करून झाल्या होत्या. रँडी बोलायला उभा राहिला. भाषण मी लिहिलं होतं, पाचेक मिनिटांचं, एकही अवघड शब्द नसलेलं. त्याने चार बायकांची नावं घेतली, आईचं नाव त्याने बरोबर उच्चारलं, कारण मी ते फोडून लिहून दिलं होतं. शेवटी तो म्हणाला की माहेरपणाला आलेल्या लेकींना जपावं तसं या चौघींनी पुस्तकांना जपलं. इंग्रजीत ते जरा विचित्र लागलं, पण लोकांना आवडलं. एका बाईने डोळे पुसले. आई दुसऱ्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसली होती.

घरी आल्यावर तिने साडी बदलली, कुकर लावला आणि कांदा चिरायला घेतला. मी ताटं मांडत होते.

‘टायरवाल्याला माहेरपण कुठून ठाऊक गं?’ ती म्हणाली.

तिने मान वर केली नाही. मग तेल तापलं तसं तिने बाबांना हाक मारली. बाबा टॉवेल शोधत आले आणि अलार्मखाली जाऊन उभे राहिले.